व्हिडिओ एन्कोडिंगचं कार्ड: वेग कुठून येतो आणि बदल्यात काय जातं

१९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता, तेव्हा एका क्षणी हॉटस्टारवर ५.९ कोटी लोक एकदम तो बघत होते. आकडा ऐकला की पहिला विचार येतो, एवढ्यांसाठी व्हिडिओ तयार करायला यंत्रं किती लागली असतील! पण प्रेक्षक ५.९ कोटी असोत की फक्त ५९, एन्कोडिंगचं, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाइलीत बसवण्याचं, काम साधारण तेवढंच राहतं. मैदानातून येणारं चित्र घ्यायचं, त्याच्या मोजक्या आवृत्त्या करायच्या: मंद नेटवाल्यासाठी धूसर, मोठ्या टीव्हीसाठी लख्ख, मधल्या दोन-चार. भाषा अनेक असल्या तर प्रत्येक भाषेच्या तेवढ्या. पुढचा सगळा खटाटोप त्याच तयार तुकड्यांच्या प्रती देशभर पोचवण्याचा. त्याला अफाट यंत्रणा लागते, पण ती एन्कोडिंगची नव्हे.

यूट्यूबचं गणित याच्या बरोबर उलटं आहे. तिथे दर मिनिटाला ५०० तासांहून जास्त व्हिडिओ चढवला जातो, असं कंपनी गेली काही वर्षं सांगत आली आहे. म्हणजे घड्याळाचा एक मिनिट सरला की जवळजवळ २१ दिवसांचं फुटेज दारात येऊन पडतं. त्यातलं बरंचसं चार-दोन नातेवाईक सोडले तर कुणी बघत नाही. तरी प्रत्येक व्हिडिओच्या सगळ्या आवृत्त्या कराव्याच लागतात, कारण उद्या कोणता उचलला जाईल हे आज कुणालाच माहीत नसतं.

एन्कोडिंगसाठी वेगळं हार्डवेअर कार्ड लावावं का, हा प्रश्न या दोन टोकांच्या मधे कुठेतरी सुटतो. दुकानात मात्र तो ‘किती पट फास्ट?’ एवढ्यावरच विचारला जातो आणि उत्तरही तेवढंच मिळतं.

काम एवढं जड का?

फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये (व्हिडिओतलं एक स्थिर चित्र) १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. डोळ्याला उजेडातला फरक जितका कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून रंगाची माहिती मुळातच कमी बारकाईने ठेवतात आणि सरासरी एका पिक्सेलला १२ बिट पुरतात. तरी एक फ्रेम ३१ लाख बाइटची होते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका तासाचे सुमारे २८० जीबी. हाच तास ५ एमबीपीएस बिटरेटने, म्हणजे सेकंदाला ५० लाख बिट खर्चून, एन्कोड केला की सव्वादोन जीबीत बसतो. सव्वाशेपट आकुंचन, आणि बघणाऱ्याला फारसा पत्ता लागत नाही.

ही बचत मुख्यतः एका साध्या निरीक्षणावर उभी आहे: या फ्रेममधलं बहुतेक सगळं मागच्या फ्रेममध्ये होतंच. गोलंदाज धावतो, पण खेळपट्टी जागच्या जागी असते. कॅमेरा सरकला तर सगळं चित्र थोडं बाजूला जातं, नवं फारसं काही येत नाही. म्हणून एन्कोडर फ्रेमचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनासाठी शोधतो, की असाच तुकडा मागच्या फ्रेममध्ये कुठे होता? सापडला, तर चित्र न साठवता ‘तिथून उचल, इतका सरकव’ एवढंच लिहून ठेवतो.

या शोधाची किंमत एकदा मांडून बघू. १६ गुणिले १६ पिक्सेलचे चौकोन पाडले तर एका फुल एचडी फ्रेममध्ये ८,१६० चौकोन होतात. प्रत्येक चौकोन चारी दिशांना १६ पिक्सेलपर्यंत सरकवून बघायचा, तर जागा होतात ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९. दर जागेला २५६ वजाबाक्या. सेकंदाला २५ फ्रेम. गुणाकार केला की सेकंदाला ५,६०० कोटींहून जास्त वजाबाक्या निघतात. आणि हा हिशोब एकाच मापाच्या चौकोनाचा, एकाच जुन्या फ्रेमशी ताडण्याचा आहे. २००३ साली आलेल्या एच.२६४ या एन्कोडिंगच्या मानकात तोच चौकोन फोडत फोडत ४ गुणिले ४ पर्यंत नेता येतो, १६ जुन्या फ्रेमांपर्यंत मागे जाता येतं, आणि पाव पिक्सेल सरकवूनही बघता येतं. २०१३ च्या एच.२६५ मध्ये चौकोन ६४ गुणिले ६४ पर्यंत वाढला, २०१८ च्या एव्ही१ मध्ये १२८ गुणिले १२८ पर्यंत. दर पिढीत फाइल लहान होते ती या वाढलेल्या पर्यायांमुळे, आणि एन्कोडिंग रखडतं तेही त्यांच्यामुळेच.

तुकडा तंतोतंत क्वचितच जुळतो. जो थोडाफार फरक उरतो त्याचं लाटांच्या भाषेत रूपांतर करतात, म्हणजे त्यातला ठळक भाग थोड्या आकड्यांत गोळा होतो. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म ही ती युक्ती. शोधली बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी. १९७२ मध्ये यावर काम करायला त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला होता, तो नाकारला गेला. तरी काम झालंच, आणि १९७४ साली टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांचा शोधनिबंध छापून आला. तुमच्या फोनमधला जेपीईजी फोटो त्यावर चालतो, आणि व्हिडिओचे जवळजवळ सगळे प्रकार त्यावर किंवा त्याच्या भावंडांवर. रूपांतर झालं की बारीक आकडे चक्क पुसून टाकायचे (दर्जा जातो तो इथे), आणि उरलेले कमीत कमी बिटांत गुंडाळायचे.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. एच.२६४ हे मानक फाइल कशी *वाचायची* एवढंच ठरवून देतं. ती कशी बनवायची, कोणता चौकोन फोडायचा, किती शोधायचं, कुठले आकडे पुसायचे, यातलं काहीही ते सांगत नाही. त्यामुळे दोन एन्कोडर दोघेही ‘एच.२६४’ असूनही एकाचं चित्र स्वच्छ आणि दुसऱ्याचं त्याच बिटरेटला चौकटीचौकटीचं दिसू शकतं. एक्स२६४ हे सॉफ्टवेअर ज्यांनी वापरलंय त्यांना त्याची प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगं, आठवत असतील: ‘अल्ट्राफास्ट’पासून ‘व्हेरीस्लो’पर्यंत, आणि त्याहीपलीकडे ‘प्लासिबो’. हे शेवटचं नाव बनवणाऱ्यांनीच ठेवलं, कारण तिथे वेळ भरपूर जातो आणि फायदा मनाला वाटतो तेवढाच. थोडक्यात, एन्कोडिंगला किती वेळ लागेल हे आपण किती शोधायचं ठरवलं यावर ठरतं. सॉफ्टवेअरही सगळ्या १,०८९ जागा सहसा बघत नाही. हुशारीने दहा-वीस जागा चाचपून बरी दिसली ती घेतं.

प्रोसेसर का दमतो

साध्या प्रोसेसरला एक वजाबाकी करायला काय काय करावं लागतं? मेमरीतून आज्ञा आणायची, तिचा अर्थ लावायचा, आकडे कुठे आहेत ते शोधायचे, आणायचे, वजा करायचे, उत्तर परत ठेवायचं. यात खरी वजाबाकी सगळ्यात स्वस्त. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०१० साली नेमकं एच.२६४ चं एन्कोडिंगच घेऊन हे मोजलं होतं. चार प्रोसेसरांची सर्वसाधारण चिप याच एका कामासाठी घडवलेल्या चिपपेक्षा सुमारे ५०० पट ऊर्जा खात होती. दोनपट-चारपट नाही, पाचशेपट. आणि त्यातली बहुतेक ऊर्जा आकडेमोडीत जात नव्हती, या वरच्या सरबराईत जात होती.

शिंप्याच्या दुकानात आणि शर्टाच्या कारखान्यात जो फरक असतो तोच हा. शिंपी झबल्यापासून शेरवानीपर्यंत काहीही शिवेल. कारखान्यातलं काजाचं मशीन फक्त काज करतं, पण शिंप्याची सुई ओवून होईपर्यंत त्याचे कितीतरी काज झालेले असतात. एन्कोडरच्या चिपमध्ये ते २५६ पिक्सेल वजा करणारी २५६ मंडलं शेजारी शेजारी कोरलेली असतात, त्यांच्या बेरजेची व्यवस्था लगेच पुढे, आणि तिथून निघालेलं उत्तर थेट पुढच्या टप्प्यात. आज्ञा आणायची भानगडच नाही, कारण करायचं काय हे सिलिकॉनमध्ये आधीच ठरलेलं आहे. अशा एकाच कामाला वाहिलेल्या चिपला एएसआयसी म्हणतात. एफपीजीए नावाचा मधला प्रकारही आहे, त्याची आतली जोडणी नंतर बदलता येते. बदलता येण्याची किंमत म्हणून ती तेवढी वेगवान किंवा काटकसरी नसते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ‘ग्राफिक्स कार्डाने एन्कोड केलं’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर ते हजारो छोटे कोर (आकडेमोड करणारे भाग) येतात, ज्यांच्यावर गेम आणि आता एआय चालतात. एन्कोडिंग तिथे होत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत २०१२ च्या केप्लर पिढीपासून एनव्हेंक नावाचा वेगळा भाग त्याच चिपच्या एका कोपऱ्यात बसवलेला असतो, आणि काम करतो तो. गेम खेळता खेळता स्ट्रीम करताना गेमचा वेग फारसा पडत नाही, तो यामुळे. त्या हजारो कोरांवर एन्कोडिंग करून बघायचे प्रयत्न झाले होते. २००८ मधलं ‘बदाबूम’ हे त्यातलं गाजलेलं सॉफ्टवेअर. वेग मिळाला, दर्जाची मात्र ओरड राहिली. कारण एन्कोडिंगचा शेवटचा टप्पा, बिट गुंडाळण्याचा, रांगेत उभं राहूनच करावा लागतो: पुढचा बिट कसा लिहायचा हे मागच्या बिटांवर ठरतं. चौकोनांचंही तसंच, शेजारच्या चौकोनाचा निर्णय कळल्याशिवाय याचा घेता येत नाही. हजार मजूर असून उपयोग काय, काम एकामागे एकच निघतं.

कार्डं आली, गेली, पुन्हा आली

वेगळ्या कार्डाची कल्पना नवी नाही. २००७ मध्ये एल्गाटोने मॅकसाठी टर्बो.२६४ काढलं, यूएसबीला लावायची पेन ड्राइव्हसारखी दांडी, तिच्यात एच.२६४ ची चिप. तोशिबाने २००८ च्या सुमाराला प्लेस्टेशन ३ मधल्या सेल प्रोसेसरचे चार कोर आणि एन्कोडर-डिकोडर असं एकत्र करून स्पर्सएंजिन बनवलं, ते कार्डावर बसवून विकलं गेलं. २००९ मध्ये मॅट्रॉक्सचं कॉम्प्रेसएचडी आलं, एडिटिंग करणाऱ्यांसाठी. मग जानेवारी २०११ मध्ये इंटेलने सँडी ब्रिज प्रोसेसरमध्ये क्विक सिंक घातलं. जे काम करायला लोक स्लॉटमध्ये कार्ड लावत होते ते प्रोसेसरबरोबर फुकटच मिळू लागलं, आणि घरगुती एन्कोडिंग कार्डांचा बाजार दोन-तीन वर्षांत आटला.

ॲपलने तोच धडा स्वतःच्या हाताने पुन्हा गिरवला. २०१९ च्या मॅक प्रोसाठी आफ्टरबर्नर नावाचं एफपीजीए कार्ड काढलं, किंमत २,००० डॉलर, काम एकच: प्रोरेस या ॲपलच्या, एडिटिंगसाठीच्या प्रकारातल्या फाइली झरझर उलगडणं. दोन वर्षांत, ऑक्टोबर २०२१ मध्ये, एम१ प्रो आणि एम१ मॅक्स या लॅपटॉपच्या चिपांमध्ये प्रोरेसचं इंजिन आलं. एम१ मॅक्स हे आफ्टरबर्नर लावलेल्या २८ कोरच्या मॅक प्रोपेक्षा व्हिडिओचे जास्त प्रवाह एकदम चालवतं, असं खुद्द ॲपलनेच जाहिरातीत सांगितलं. ज्यांनी ते कार्ड विकत घेतलं होतं त्यांना ती जाहिरात वाचून काय वाटलं असेल, ते सोडून देऊ.

मग वेगळी कार्डं आता कुठे आहेत? डेटा सेंटरमध्ये.

यूट्यूबचं कार्ड

गूगलने २०२१ मध्ये एका शोधनिबंधात यूट्यूबसाठी बनवलेल्या चिपची माहिती उघड केली. व्हिडिओ कोडिंग युनिट, व्हीसीयू. घरातलं नाव आर्गोस. एका चिपमध्ये दहा एन्कोडर कोर, एका कार्डावर दोन चिपा. यातला प्रत्येक कोर ४के व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एन्कोड करू शकतो, तेही व्हिडिओ चालू असतानाच्या वेगाने.

कच्च्या वेगापेक्षा मला यातली कामाची मांडणी जास्त आवडते. चढवलेला व्हिडिओ आधी छोट्या तुकड्यांत तोडला जातो आणि तुकडे वेगवेगळ्या चिपांकडे जातात. चिप तो तुकडा एकदाच उलगडते, तिथल्या तिथे त्याचे लहान आकार करते, १०८०पी, ७२०पी, ४८०पी असं खाली १४४पी पर्यंत, आणि सगळे एकाच फेरीत एन्कोड करून देते. सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळदा प्रत्येक आकाराचं काम वेगळं सुटतं आणि मूळ फाइल पुन्हा पुन्हा उलगडावी लागते. ही फुकटची मेहनत इथे वाचते.

फायदा किती? आधी सॉफ्टवेअर घासूनपुसून जितकं वेगवान करता येईल तितकं केलं होतं, त्याच्या तुलनेत २० ते ३३ पट कार्यक्षमता मिळाली, असं निबंध सांगतो. पण तळटीप वाचल्याशिवाय हा आकडा कुणाला सांगू नये. ही पटी खर्चाच्या मानाने आहे आणि ती व्हीपी९ या गूगलच्या एन्कोडिंग-प्रकाराची आहे, जो सॉफ्टवेअरने करायला भलता महाग. साध्या एच.२६४ मध्ये फायदा बराच कमी होता. म्हणजे काम जितकं किचकट तितकं कार्ड जास्त वाचवतं. व्हीपी९ मध्ये त्याच दर्जाची फाइल लहान होते, पण पूर्वी ती चैन फक्त भरपूर बघितल्या जाणाऱ्या व्हिडिओंच्या वाट्याला यायची. चिपा आल्यावर चढवतानाच दोन्ही प्रकार करणं परवडू लागलं. कार्डाचं खरं फळ मला हे वाटतं. जुनंच काम लवकर उरकण्यापेक्षा, पूर्वी जे करायचा विचारही परवडत नव्हता ते करता येणं.

त्या निबंधातला एक किस्सा तर लक्षात राहण्यासारखा आहे. काही चिपा बिघडत, पण बंद पडत नसत. चुकीचं काम भराभर उरकून ‘झालं, पुढचं द्या’ म्हणत. काम वाटणारी यंत्रणा बिचारी वेगावर खूश. जो रिकामा त्याला पुढचं काम. परिणामी बिघडलेल्या चिपेकडेच जास्तीत जास्त व्हिडिओ ओढले जायचे. याला ते लोक ‘ब्लॅक होलिंग’ म्हणतात. उपाय म्हणून काम सुरू करण्याआधी प्रत्येक चिपेला ठरावीक नमुने एन्कोड करायला देतात, ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे. एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तर तिला कामच नाही. सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

बदल्यात काय जातं

ठरावीक चिपेत प्रत्येक चौकोनाला मिळणारा वेळ ठरलेला असतो. तेवढ्या चक्रांत निर्णय झाला पाहिजे, कारण मागून पुढचा चौकोन येतोच आहे. सॉफ्टवेअर अवघड जागी थांबू शकतं, मागे वळू शकतं, पुढच्या पन्नास फ्रेम आधी चाळून बिट कुठे खर्च करायचे ते ठरवू शकतं, दोनदा फिरून पहिल्या फेरीत जे कळलं ते दुसऱ्या फेरीत वापरू शकतं. चिपेला यातलं थोडंच जमतं. म्हणून त्याच बिटरेटला सावकाश चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं चित्र कार्डापेक्षा सरस असतं, किंवा तोच दर्जा हवा असेल तर कार्डाची फाइल मोठी होते. हे अंतर पूर्वी फार होतं. २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून एनव्हेंक बरंच सुधारलं, आणि स्ट्रीमिंगच्या नेहमीच्या बिटरेटला आज फरक शोधावा लागतो. कमी बिटरेटला, पाऊस, कारंजं, उडणारे गुलालाचे कण असं काही चित्रात आलं की तो आपोआप दिसतो.

दुसरं, चिप शिकत नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तोच संगणक चांगलं एन्कोडिंग करू लागतो. चिपेला एव्ही१ येत नसेल तर कधीच येणार नाही, नवी घ्यावी लागेल. गूगलने यातून अर्धी वाट काढली: किती बिट कुठे खर्चायचे हे ठरवणारा भाग सिलिकॉनमध्ये न गोठवता सॉफ्टवेअरच्या हातात ठेवला, आणि कार्डं कामाला लागल्यावरही त्याच चिपांचा दर्जा महिनोन्‌महिने सुधारत गेला.

आता सुरुवातीच्या दोन टोकांकडे हिशोबाच्या नजरेने बघा. समजा, जास्त वेळ घेऊन केलेल्या एन्कोडिंगमुळे त्या सव्वादोन जीबीच्या फाइलमध्ये दहा टक्के, म्हणजे २२५ एमबी वाचले. दहा जणांनी बघितला तर एकूण बचत सव्वादोन जीबी, चहाच्या पैशांइतकीही नाही. एक कोटी जणांनी बघितला तर तीच बचत २,२५० टीबी. नेटफ्लिक्सकडे दुसऱ्या प्रकारचा माल आहे: शीर्षकं मोजकी, प्रेक्षक अमाप, आणि प्रदर्शनाची तारीख आधी ठरलेली. त्यामुळे ते क्लाउडमधल्या साध्या प्रोसेसरांवर सावकाश एन्कोडिंग करतात, २०१५ पासून प्रत्येक चित्रपटासाठी बिटरेट वेगळा ठरवतात, पुढे तर शॉटशॉटचा. त्यांना कार्डाची घाई नाही. यूट्यूबला आहे.

थेट प्रक्षेपणात मात्र मोकळीकच नाही. सेकंदाला ५० फ्रेमचा सामना असेल तर दर २० मिलिसेकंदाला एक फ्रेम बाहेर पडलीच पाहिजे, प्रत्येक आकारात. तिथे ‘व्हेरीस्लो’ लावायला फुरसत कुणाला? ॲमेझॉनने २०२१ मध्ये क्लाउडवर भाड्याने द्यायला झायलिंक्सच्या अल्व्हियो यू३० कार्डांचे सर्व्हर आणले ते याच गरजेपोटी. एएमडीने २०२३ मध्ये अल्व्हियो एमए३५डी जाहीर केलं तेव्हा दावा होता की एक कार्ड १०८०पी चे, सेकंदाला ६० फ्रेमचे ३२ प्रवाह एकदम सांभाळतं, प्रवाहामागे साधारण एक वॉट वीज घेऊन. खोलीभर सर्व्हर थंड ठेवायचा एसी ज्याच्या बिलात येतो, त्याच्या दृष्टीने वेगापेक्षा हा एक वॉट मोठा.

आपल्या टेबलावर

लग्नाचे व्हिडिओ, यूट्यूब चॅनल, संस्थेच्या कार्यक्रमांचं चित्रीकरण, एवढं काम असणाऱ्याला वेगळं एन्कोडिंग कार्ड घ्यायची गरज आज जवळजवळ उरलेली नाही. हवा तो भाग बहुधा तुमच्या मशीनमध्ये आधीच आहे आणि सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये बंद पडून आहे. ओबीएस, हँडब्रेक, प्रीमियर, सगळ्यांत हार्डवेअर एन्कोडिंगचा पर्याय असतो. तो आधी चालू करून बघा, पैसे नंतर.

तरी रेंडर संथच राहिला तर दोष एन्कोडिंगचा नसेल. समजा, एक्स्पोर्टला साठ मिनिटं लागतात, त्यातली चाळीस कलर करेक्शन, नॉइज काढणं आणि ट्रांझिशन यांत जातात आणि वीस एन्कोडिंगमध्ये. एन्कोडिंग दहापट वेगवान केलं तर वीसची दोन झाली, एकूण बेचाळीस. ‘दहापट फास्ट’चं कार्ड घेऊन वेळ एक तृतीयांशही वाचला नाही, अशी तक्रार मग होते. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावर ‘व्हिडिओ एन्कोड’चा आलेख वेगळा दिसतो. रेंडर चालू असताना तो तळाशी लोळत असेल तर अडथळा दुसरीकडे आहे.

कामाची विभागणीही करता येते. गिऱ्हाइकाला मंजुरीसाठी पाठवायची प्रत, व्हॉट्सॲपवरची झलक, यूट्यूबवर चढवायची फाइल, हे सगळं कार्डावर करावं. यूट्यूब तर तुमची फाइल पुन्हा स्वतःच एन्कोड करणार आहे, तेव्हा तिथे बिटरेट सढळ ठेवावा आणि प्रीसेटवर डोकं खपवू नये. कायमची ठेवायची प्रत, तीही लहान आकारात हवी असेल, तर रात्रभर सॉफ्टवेअरला लावून झोपावं. वीज थोडी जास्त जाईल, पण ती प्रत पुन्हा करायची नाही.

आणि नवं कार्ड घ्यायचंच असेल तर एन्कोडिंगइतकंच उलट्या कामाकडे, डिकोडिंगकडे, बघा. नवे कॅमेरे १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवून, एच.२६५ फाइली करतात. इंटेलच्या क्विक सिंकला त्या अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपासून उलगडता येतात. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांना मात्र २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत त्या येत नव्हत्या. लाखभर रुपयांचं कार्ड लावूनही टाइमलाइन अडखळते आणि शेजारच्याच्या साध्या इंटेल मशीनवर तीच क्लिप सरसर पळते, ती यामुळे. पेटीवरच्या आकड्यांत हे सापडत नाही. आपल्या कॅमेऱ्यातली एक खरी क्लिप पेन ड्राइव्हवर न्यावी आणि दुकानातल्या मशीनवर टाइमलाइनवर टाकून पुढेमागे ओढून बघावी. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघावं.